आईंच्या डोक्यावरचा दगड

गोचांग, २३ एप्रिल १९९३

यांग-इम,

मायना काय घालावा ते कळेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. 'प्रिय' लिहिलं असतं तर तू म्हणाली असतीस, एवढ्या वर्षांत वहिनीला आजच प्रेमाचं भरतं आलं. घाबरू नकोस, घरात कुणी गेलेलं नाही. तुझे दादा ठणठणीत आहेत. कलिंगडाची रोपं लावतायत आणि संध्याकाळी कंबर धरून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं कण्हतायत. तुझा पत्ता नाताळच्या कार्डावरून घेतला. दरवर्षीचं कार्ड आई घड्याळामागे उलटं ठेवतात, पण टाकत नाहीत.

लिहायचं कारण म्हणजे कालपासून अधिक महिना लागला, आणि तोही तिसऱ्या महिन्याला जोडून, सगळ्यात शुभ. तिकडं एसेनमध्ये तुला हे कोण सांगणार? इकडं मात्र गाव कामाला लागलंय. ह्या जादा महिन्यावर कुठल्याच देवाची नजर नसते, त्यामुळं कुणी थडगी हलवतंय, कुणी भिंत पाडतंय, कुणी म्हाताऱ्यांचे शेवटचे कपडे शिवतंय. आईंनीही आपले शिवून घेतले. मी तागाचं कापड घेऊन मापाला बसले तर म्हणाल्या, "जरा सैल ठेव. तिकडं जाऊन जाड झाले तर?"

हसू नकोस. जन्जूच्या डॉक्टरनं त्यांचं हृदय थकलंय म्हणून सांगितलंय. चढ चढायचा नाही, ओझं उचलायचं नाही. आणि आईंना कोटावर जायचंय, डोक्यावर दगड घेऊन.

तू मोयांगच्या कोटाखाली जन्मलीस, तुला त्याचं काही वाटत नसेल. मी बुआनची, समुद्रकाठची. आमच्याकडं डोळ्यांपुढं आडवं काही नसतंच. लग्न होऊन आले, बसमधून उतरले आणि समोर हा तट. डोंगराच्या अंगाखांद्यावरून गेलेला, खाली दगड आणि वर पाइनची झाडं. मी तिथंच उभी राहिले. तुझे दादा गाठोडी घेऊन पुढं निघून गेले, त्यांना वाटलं मी मागून येतेय. आईंनी मागं येऊन विचारलं, "काय झालं गं?" मी म्हटलं, "हे एवढं कुणी बांधलं?"

"बायकांनी."

"आणि पुरुष?"

"ते तिकडं दुसरा कोट बांधत होते. पैज लागली होती. बायका काय बांधणार म्हणून ते पीत बसले, आणि इकडं ह्यांचा शेवटचा दगड बसला."

खरं-खोटं कोण जाणे. दगडांवर तर सगळ्या मुलखाची नावं कोरलेली आहेत, इथून जेजूवाल्यांचं काम, इथून नाजूवाल्यांचं. जेजूची माणसं समुद्र ओलांडून आली आणि आपल्या वाटणीची भिंत रचून गेली, ह्याचं मला अजून नवल वाटतं. मोडक्या देवळांचे तळखडेसुद्धा त्यात बसवलेत. देवाचा दगड असो की ओढ्याचा, भिंतीत सगळे खांद्याला खांदा लावून उभे आहेत.

पण माझं डोकं सगळ्यात जास्त चालतं ते फेऱ्यांवर. भिंतीला बाहेरून दगड आणि आतून नुसता मातीचा भराव. ती माती हिवाळ्यात गोठून फुगते, वसंतात भुसभुशीत होते. मग गावोगावच्या बायका डोक्यावर दगड घेऊन त्याच मातीवरून चालतात. पहिली फेरी पायांच्या दुखण्यासाठी, दुसरी आयुष्यासाठी, तिसरी स्वर्गासाठी. माती दबून घट्ट होते आणि दगड वेशीत जमा होतात, समुद्रावरून चाचे आले तर डोक्यात घालायला. राजानं नुसता हुकूम काढला असता तर बायका दोन वर्षांत विसरल्या असत्या. स्वर्ग कबूल केल्यावर पाचशे वर्षांहून जास्त चालतायत. ज्या कुणाला हे सुचलं, त्याला माझा दंडवत. ती बाईच असणार.

अधिक महिन्याच्या सहाव्या, सोळाव्या आणि सव्विसाव्या तिथीला स्वर्गाचं दार उघडं असतं, हे तुला आठवत असेल. आईंनी तिन्ही दिवस नेमून ठेवलेत. दर अधिक महिन्यात त्या दोनच फेऱ्या घालतात आणि उत्तरेच्या वेशीत बसकण मारतात. तिसरी कधीच नाही. आणि दगड वेशीत ठेवायचा तर तो घरी घेऊन येतात आणि मुळ्याच्या किमचीच्या रांजणात दाब म्हणून ठेवतात. शेजारची हेरीवाली त्यांना तोंडावर सरकारी दगडांची चोर म्हणते. ह्या खेपेला मी त्यांची तिसरी फेरी पुरी करून घेणार आहे. आता नाही तर कधी?

तुझी वहिनी,
बोंग-सुन


२८ एप्रिल

यांग-इम,

मागचं पत्र अजून तुला मिळालंही नसेल. त्यात मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की तिसरी फेरी करून घेणार. काल सहावी तिथी होती. काल माझ्या हातून जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय घास उतरणार नाही.

सकाळी लवकर निघालो. आईंनी निळा-पांढरा सणाचा पोशाख घातला, चुंबळ स्वतः वळली आणि रांजणातला दगड धुऊन वर ठेवला. हात न लावता चालल्या. त्या वयात, त्या हृदयानं! तटाच्या कडेला गुलाबी फुलं नुसती पेटली होती, आणि पुढं-मागं, जिथवर नजर जाईल तिथवर बायकाच बायका. वळणावरून मागं पाहिलं तर भिंतच उठून चालायला लागल्यासारखी वाटली. माझ्या अंगावर काटा आला. दरवेळी येतो.

दुसरी फेरी संपली आणि त्या नेहमीसारख्या वेशीत बसल्या. ओठ निळे पडले होते. मी म्हटलं, "आई, तिसरी मी घालते तुमच्या नावानं." त्यांनी डोळे मिटूनच नको म्हणून हात हलवला. मग मी माझ्या मनानं एक शहाणपणा केला. फेरी नाही तर नाही, निदान रीतीप्रमाणे दगड तरी वेशीत राहू दे, देव चालवून घेईल. त्यांच्या मांडीवरचा दगड उचलला आणि ढिगात ठेवून आले. जवाचं पाणी घेऊन परत येईपर्यंत आणखी पन्नास बायकांनी त्यावर आपले दगड टाकले होते.

आईंनी डोळे उघडले, मांडी चाचपली. "दगड कुठंय?"

"ठेवला. वेशीत."

यांग-इम, मी ह्या घरात नांदायला आल्यापासून आईंनी मला पुष्कळ बोलून घेतलंय, पण असा आवाज मी त्यांचा ऐकला नव्हता. "तो माझा नव्हता!" आणि उठून ढिगाकडं धावल्या. डॉक्टरनं चढ चढू नका सांगितलेली बाई चार हातपायांवर त्या ढिगावर चढली.

हेरीवाली धावत आली. "अगं बुआनवाली, सासूला काय झालं? वेड लागलं का?" मी सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला आणि बाह्या सारून दगड उपसायला बसली. मग आणखी चौघी आल्या. कुणी विचारलं नाही कशासाठी. एकेक दगड आईंपुढं धरायचा, त्या बघायच्यासुद्धा नाहीत. चुंबळीवर ठेवून घ्यायच्या आणि "नाही" म्हणून काढून टाकायच्या. दुपार कलली. शेवटी एक करडा दगड डोक्यावर ठेवला तशी त्यांची मान आपोआप ताठ झाली. "हा."

मी हात लावून पाहिला. खालची बाजू डोक्याच्या आकाराला झिजून गुळगुळीत झालेली. दगड झिजतो, यांग-इम, बाईच्या डोक्यानं!

घरी येऊन आईंनी दगड पुन्हा धुतला. मग रांजणाशी बसून म्हणाल्या, "तो तिचा आहे."

तेव्हा मला ते सगळं आठवलं. तू गेलीस त्या वर्षीच्या अधिक महिन्यात आपण तिघी चाललो होतो. तिसऱ्या फेरीला, पूर्वेच्या वेशीजवळ तू आईंना सांगितलंस की जर्मनीला जायचे कागद झालेत, गिरणीवाल्याच्या मुलाशी मी लग्न करणार नाही. आई म्हणाल्या, मी जिवंत आहे तोवर माझ्या घराचा उंबरा ओलांडायचा नाही. तू दगड तिथंच टाकलास आणि उतरून गेलीस. मी तुझ्यामागं धावले, म्हणून पुढचं मला दिसलं नाही. आईंनी आपला दगड खाली ठेवला आणि तुझा उचलून घेतला होता.

तेव्हापासून त्या तुझा दगड घेऊन चालतायत. तुझ्या फेऱ्या.

मी विचारलं, "मग दोनच का?"

"पहिली पायांसाठी. ती तिकडं दिवसभर उभी असते, तूच वाचून दाखवलं होतंस." अगं, ते तुझं पहिलं कार्ड! तू लिहिलं होतंस की वॉर्डात उभं राहून पायांचे खांब झालेत. मी वाचत होते तेव्हा ह्या पाठ करून लसूण सोलत होत्या.

"दुसरी आयुष्यासाठी. आणि तिसरी कशी घालू? पोटच्या पोरीला स्वर्गाच्या वाटेला लावू? तिची ती घालेल, म्हातारी झाली की."

"आणि आई, तुमच्या फेऱ्या?"

"माझं डोकं कुठं रिकामं आहे?"

एवढंच बोलल्या आणि झाकण लावून उठल्या. मी मात्र रांजणापाशीच बसून राहिले. एवढी वर्षं मी समजत होते की ही बाई स्वतःच्या गुडघ्यांसाठी तडफडतेय. तिनं स्वतःसाठी एक पाऊल टाकलेलं नाही.

यांग-इम, मी तुला दोष देत नाही. गिरणीवाल्याचा तो मुलगा पुढं काय दिवे लावून बसला ते मला माहीत आहे. पण सव्विसावी तिथी १७ मेला आहे. पुढच्या अधिक महिन्यापर्यंत आई असतील असं डॉक्टर म्हणत नाही. ये आणि तुझा दगड तुझ्या डोक्यावर घे, म्हणजे त्यांचं मोकळं होईल. आपल्याकडं फोन आलाय, नंबर खाली लिहिलाय.

वहिनी


१२ मे

यांग-इम,

हे पत्र पोचेपर्यंत सव्विसावी उलटूनही गेली असेल. तरी लिहिते. इथं कुणाशी बोलू?

सोळाव्या तिथीला आईंनी एकच फेरी घातली. दुसरीला बांबूच्या बनापर्यंत पोचल्या आणि पाय उचलेना. तुझ्या दादांनी पाठीवर घेऊन खाली आणलं. हे वाटेत म्हणाले, "आई, तू हलकी झालीस गं." त्या म्हणाल्या, "खाली ठेव मला मेल्या, तिची दुसरी राहिली." घरी आल्यावर भिंतीकडं तोंड करून पडल्या. तुझं आयुष्य आपल्यामुळं अर्धवट राहिलं, हे त्यांच्या डोक्यातून जाईना. मी किती समजावलं. शेवटी चिडून म्हटलं, "जर्मनीत डॉक्टर आहेत, आई!" तर म्हणाल्या, "डॉक्टर आयुष्य देतात का?"

मग परवा तुझा फोन आला. तूच होतीस ना? मी परसात होते, आईंनी उचलला. मी हात पुसत आत आले तर त्या कानाला लावून नुसत्या उभ्या. तू बोलत नव्हतीस, त्याही बोलत नव्हत्या. मी इशाऱ्यानं मागितला तर त्यांनी पाठ फिरवली. किती तरी वेळानं खाली ठेवला आणि म्हणाल्या, "चुकीचा नंबर होता."

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

थोड्या वेळानं मुळे चिरता चिरता विचारतात, "जर्मनीत आत्ता किती वाजले असतील?"

त्या दिवसापासून पेज दोनदा मागून घेतात. काल अंगणात भिंतीला धरून चालून पाहिलं. मला सांगतात, "ती आली तर घरी येणार नाही. येऊही नये, मी शब्द दिलाय. पण मी घराचा उंबरा म्हणाले होते. कोटाचं कुठं काय बोलले होते?"

वहिनी


२० मे

यांग-इम,

तू विमानात असशील किंवा पोचलीही असशील. तीन दिवस हेरीवालीच्या घरी राहिलीस, भाजलेल्या वामीचा फडशा पाडलास आणि ती आता गावभर सांगत फिरतेय की जर्मनीत जेवायला मिळत नाही. तुला जे ठाऊक आहे ते पुन्हा लिहीत नाही. जे तुला दिसलं नाही, ते लिहिते.

उत्तरेच्या वेशीपुढं ती अर्धगोल आडभिंत आहे ना, तिच्या वळणातून आत आल्याशिवाय वेस दिसत नाही. वरच्याला मात्र खालचा माणूस येताना, वळताना, सगळा दिसतो. शत्रूला असा कोंडीत धरण्यासाठी ती बांधलीय. सव्विसाव्या तिथीला, तू येशीलच असं धरून, आई पहाटेपासून त्या भिंतीवर उभ्या होत्या. तू करडा कोट आणि पेटी घेऊन वळणात शिरलीस तेव्हा मी ओरडणार होते, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "थांब. बघू दे." तू मध्यावर थांबून वर झाडांकडं पाहिलंस, तेव्हा त्या चटकन खाली बसल्या. म्हणाल्या, "केस पांढरे झालेत की गं तिचे." मग डोळे पुसले, खाली उतरल्या आणि तुला विचारलं, "पाय कसे आहेत?"

तुला वाटलं असेल, एवढ्या वर्षांनी हे काय विचारणं. माझी दोन्ही पत्रं वाचून आली होतीस, म्हणून तू मट्कन खाली बसलीस, नाही का?

मग त्यांनी दगड तुझ्या डोक्यावर ठेवला आणि तुझी राहिलेली दुसरी फेरी घालायला सांगितली. तू निघालीस. डोक्यावर दगड असला की मागं वळून बघता येत नाही, आणि आई त्याचीच वाट बघत होत्या. तू दहा पावलं गेली असशील, त्यांनी कमरेची चुंबळ काढली. ती पहाटेपासून तिथं खोचलेली होती, मला पत्ता नव्हता. वाटेकडेचा एक लहान दगड उचलला.

मी म्हटलं, "आई! डॉक्टर..."

"हळू बोल. ती नर्स आहे. ऐकलं तर नाडी धरून बसेल."

आणि ठेवला डोक्यावर. स्वतःचा. सवय मोडल्यामुळं तू पुढं जपून हळूहळू चालत होतीस आणि मागून त्या, मी त्यांच्या कमरेपाशी हात धरून. तू मला नंतर विचारलंस की मागच्या बायका त्या दिवशी एवढ्या गप्प का होत्या. आता सांगते. आई एक पाऊल टाकायच्या आणि थांबायच्या. त्यांच्यामागं दोन-तीनशे बायका होत्या. वाट रुंद आहे, पण एकीनंही त्यांना ओलांडलं नाही. एकीनं मागचीला खूण केली, तिनं तिच्या मागचीला, आणि अख्खी रांग त्यांच्या पावलानं चालायला लागली. नुसते पायांचे आवाज, मातीवर. एरवी हेरीवालीचं तोंड झोपेतही बंद नसतं, तीसुद्धा गप्प. मला वाटलं, हा कोट पाचशे वर्षं ह्या आवाजावर उभा आहे. जेजूवाल्यांच्या दगडापाशी आईंनी खाली हात घालून भिंतीला थोपटलं, आपल्या माणसाला थोपटावं तसं. मला रडू आवरेना.

वेशीजवळ आल्यावर त्यांनी दगड काढून माझ्या ओच्यात टाकला. तू वळलीस तेव्हा त्या हात हलवत उभ्या होत्या, आणि तू म्हणालीस, आई, तू उगाच उभं राहून दमलीस. होय ना?

घरी आल्यावर मी हिशेब विचारला. म्हणाल्या, "माझी पहिली झाली, पायांची. दोन राहिल्या. तिची तिसरी राहिली. आता पुढचा अधिक महिना कधी?" पंचांग पाहिलं. दोन वर्षांनी, अधिक आठवा, पानगळीत. "ठीक आहे," म्हणाल्या, आणि ते तागाचे कपडे पेटीच्या तळाशी घालून वर हिवाळ्याच्या रजया रचल्या. दोन्ही दगड आता रांजणांत आहेत, तुझा मुळ्यावर, त्यांचा कोबीवर.

आता शेवटचं. काल तुझी बस वळणावरून गेली. आई घरी आल्या, दारात उभ्या राहिल्या आणि तुझ्या दादांना म्हणाल्या, "सुताराला बोलाव. हा उंबरा काढायचाय."

हे म्हणाले, "का? चांगला शिसवासारखा आहे की."

"अधिक महिना उद्या संपतोय. आज काढला तर कुठल्या देवाला कळायचं नाही."

सुतारानं उपटला तेव्हा खालून मुंग्या निघाल्या. मी विचारलं, शब्द तर ह्याच उंबऱ्याचा दिला होता ना? आई म्हणाल्या, "म्हणून तर." संध्याकाळी त्यांनी तो स्वतः मागच्या खोलीच्या चुलीत सारला. जुनं लाकूड, खूप वेळ जळलं. जमिनीखालून धूर फिरला, जमीन छान तापली आणि त्या तिच्यावर पाय पसरून झोपल्या.

सुतार विचारत होता, नवा कधी बसवू. आईंनी सांगितलं, नकोच. आता वारा सुटला की अंगणातली सगळी धूळ थेट घरात येते. आज सकाळपासून मी दोनदा झाडलंय आणि चकार शब्द काढलेला नाही.

पुढच्या खेपेला हेरीवालीकडं उतरू नकोस.

तुझी वहिनी,
बोंग-सुन